ब्रेकच्या कामाचं बिल योग्य आहे का, हे पैसे द्यायच्या आधी कसं तपासायचं

आमच्या बेळगाव भागात गाडीच्या कामाची एक ठरलेली पद्धत आहे. सकाळी गाडी गॅरेजला सोडायची, संध्याकाळी फोन आला की जायचं, बिलाचा खालचा आकडा बघून "एवढं कसं काय ओ मामा?" म्हणायचं, मग तो दोनशे-पाचशे कमी करतो आणि आपण समाधानानं घरी येतो. ब्रेकच्या कामात ही पद्धत पूर्ण चुकीची आहे. बिलात दीड हजार जास्त लागले असतील आणि पाचशे कमी झाले तर तुमचे हजार गेलेच, आणि बिल बरोबर असताना तुम्ही पाचशे पाडून घेतलेत तर पुढच्या खेपेला तो हलके पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) टाकून ते वसूल करणार. ब्रेकमध्ये हलका माल म्हणजे काय, ते चोर्ला घाट किंवा तिलारी उतरणाऱ्याला सांगायला नको.

बिल योग्य आहे का हे एकूण आकड्यावरून कळतच नाही. प्रत्येक ओळीमागं तीन गोष्टी दिसायला पाहिजेत: कुठलं माप किंवा खराबी बघून ते काम निघालं, कुठला पार्ट किती किमतीला आला, आणि मजुरी कशाची लागली. हे तपासायची सुरुवात बिल हातात आल्यावर होत नाही, गाडी सोडायच्या आधी होते. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## १. घरी करायची तयारी

लक्षण लिहून काढा. "ब्रेकचं काम करायचंय" एवढंच सांगितलं की समोरच्याला मोकळं रान मिळतं. काय होतंय ते नेमकं सांगा, कारण लक्षणावरून साधारण काम ठरतं:

- ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज: पॅड संपत आलेत किंवा धूळ बसलीय.
- लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर: पॅड पूर्ण संपले, डिस्कही खात असणार. गाडी फिरवू नका.
- पेडल स्पंजसारखं मऊ: लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल जुनं झालंय.
- पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय: मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) खराब किंवा कुठंतरी गळती.
- गाडी एका बाजूला ओढतेय: एका बाजूचा कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) किंवा स्लायडर पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन) जाम असण्याची शक्यता.
- वेगात ब्रेक मारला की पेडल आणि स्टिअरिंग थरथरतंय: डिस्क एकसारखी राहिलेली नाही.

फक्त किंचाळणारा आवाज घेऊन गेलात आणि बिलात मास्टर सिलेंडर आला, तर मधे काय घडलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पावसाळ्यातला आवाज आधी पडताळा. जून ते सप्टेंबर इकडं, खास करून खानापूर आणि चंदगडच्या बाजूला, रात्रभर गाडी पावसात राहिली की डिस्कवर तांबूस गंज धरतो. सकाळी पहिले पाच-सहा ब्रेक खरखरतात आणि मग आवाज बंद होतो. हा दोष नाही, लोखंडाचा स्वभाव आहे. तसंच तांबडा चिखल मागच्या ड्रममध्ये (मागच्या चाकाच्या ब्रेकचा गोल डबा) गेला की घासल्याचा आवाज येतो, ड्रम उघडून साफ केला की जातो. या दोन आवाजांवर नवीन डिस्क आणि नवीन लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) घातलेले लोक मी बघितलेत.

ऑइलची बाटली बघा. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे कुठं आहे त्याचा फोटो काढा. पॅड झिजतात तशी ही पातळी थोडी उतरते, म्हणजे पातळी खाली दिसली की गळती आहेच असं नाही. पण आठवड्याभरात झपाट्यानं उतरत असेल तर गळती आहे.

मागचं बिल शोधा. पॅड कधी बदलले, किती किलोमीटरला, ते बघा. पुढच्या चाकांवर ब्रेकचा जास्त भार येतो म्हणून पुढचे पॅड लवकर जातात आणि मागचे लायनर सहसा बरेच जास्त चालतात. त्यामुळं "चारही चाकांचं एकदमच करून टाकू" असं कुणी म्हणालं तर मागचं का, एवढा एक प्रश्न विचाराच.

आरसीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणं पॅड वेगळे असतात. आरसीवरचा चॅसिस नंबर सांगितला तरच पार्टच्या दुकानात बरोबर पार्ट नंबर आणि एमआरपी सांगतात. गाडी सोडायच्या आधी पुढच्या पॅडची एमआरपी एका दुकानात विचारून ठेवली की अर्धी लढाई तिथंच होते.

## २. गाडी सोडताना: तोंडी नको, कागदावर

शोरूम असो नाहीतर रस्त्याकडंचं छोटं गॅरेज, जॉब कार्ड (गॅरेजचा कामाचा कागद) किंवा साध्या चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या:

१. तुम्ही सांगितलेलं लक्षण, तुमच्याच शब्दांत.
२. किलोमीटर रीडिंग.
३. अंदाजे खर्च, पार्ट वेगळा आणि मजुरी वेगळी.
४. "यापेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोन."
५. "जुने पार्ट परत द्यायचे."

पाचवी ओळ लोक नेहमी विसरतात आणि संध्याकाळी जुने पॅड मागतात. तोवर ते भंगारात गेलेले असतात. आधी लिहून दिलं की काम करणारापण वेगळ्या नजरेनं काम करतो.

चिठ्ठीवर मेकॅनिकनं कन्नडात लिहिलं असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर लाजू नका, वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. सही केल्यावर तेच तुमचं म्हणणं धरलं जातं.

> सावधान: "उघडल्याशिवाय सांगता येत नाही" हे ब्रेकच्या बाबतीत खरं आहे, त्यावरून वाद घालू नका. पण उघडून बघायचे किती आणि काम नाही केलं तर किती, हे आधी ठरवा.

## ३. चाक काढल्यावर: पैसे इथंच वाचतात किंवा जातात

जमलं तर या वेळेला तिथं उभं राहा, अर्धा तास जाईल. जमत नसेल तर फोटो मागवा. लांबून काढलेला फोटो कामाचा नाही, पॅडच्या कडेचा जवळून काढलेला पाहिजे.

पॅड. नव्या पॅडवर घासणारा मसाला साधारण १० ते १२ मिमी असतो. लोखंडी पट्टी सोडून फक्त मसाला मोजायचा. ३ मिमीच्या आसपास आला की बदला. ५-६ मिमी शिल्लक असताना कुणी "संपलेत" म्हणत असेल तर अजून बरेच दिवस चालतात, घाई नाही. मात्र रोज घाट करणाऱ्यानं ४ लाच बदललेले बरे, हे माझं मत, कारण पॅड पातळ झाले की उताराला उष्णता लवकर ऑइलपर्यंत जाते.

आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड बघा, लोक फक्त बाहेरचा बघतात. आतला २ मिमी आणि बाहेरचा ७ मिमी अशी तफावत असेल तर बहुतेक स्लायडर पिन जाम आहे. अशा वेळी नुसते पॅड बदललेलं स्वस्त बिल हेच चुकीचं बिल, कारण पिन साफ करून ग्रीस नाही लावलं तर नवे पॅडपण काही महिन्यांत तसेच वाकडे झिजणार. पिनची साफसफाई, लागलं तर रबर बूट, हा खर्च रास्त आहे, आनंदानं द्या.

डिस्क. सगळ्यात महागाचं आणि सगळ्यात जास्त वेळा विनाकारण बदललं जाणारं हेच. बहुतेक डिस्कवर मधल्या भागात किंवा कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, "मिन" आणि पुढं आकडा. "ओरखडे पडलेत, बदला" हे कारण पुरेसं नाही. जाडी किती भरली ते विचारा.

मोजण्यात एक चूक हमखास होते. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उरतो, साधा व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की तो त्या काठाचीच जाडी दाखवतो आणि डिस्क ठीक आहे असं वाटतं. त्यासाठी डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरायचं, नाण्यांसकट मोजायचं आणि दोन नाण्यांची जाडी वजा करायची. बेळगावात उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, काम करणारा एखादा तरी ओळखीत किंवा नात्यात असतोच, त्याच्याकडं व्हर्नियर असणार, मोजमाप त्याच्या हातात मुरलेलं असतं.

डिस्क मिनच्या वर आहे पण थरथरते, तर लेथवर फेस मारून (मशीनवर घासून सपाट करून) चालतं का विचारा. फेस मारल्यावरही जाडी मिनच्या वर राहायला पाहिजे, नसेल राहत तर नवीनच घ्या, तिथं काटकसर नको. आणि डिस्क बदलायची तर पुढच्या दोन्ही, एकच बदलली की गाडी ओढू शकते.

ड्रम आणि लायनर. ड्रमवर उलटं असतं, जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. ड्रम आतून झिजत मोठा होत जातो, त्या आकड्याच्या पलीकडं गेला की बाद. लायनरवर तेलाचा ओलावा दिसला तर व्हील सिलेंडर (ड्रमच्या आत लायनर दाबणारा छोटा सिलेंडर) गळतोय. तेव्हा सिलेंडर आणि लायनर दोन्ही बदलणं बरोबर आहे, तेल प्यालेला लायनर धुऊन पुन्हा बसवू देऊ नका.

एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा. दिवा लागला की "मॉड्युल गेलं" ऐकून लोक हादरतात, कारण ते, म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्स, फार महाग असतं. बरेचदा चाकाजवळचा सेन्सर मळलेला किंवा त्याची वायर तुटलेली असते. स्कॅन करून निघालेला कोड लिहून घ्या, त्याशिवाय मॉड्युलला होकार देऊ नका.

> तपासणी: पुढच्या पायरीला जायच्या आधी तुमच्याकडं हे आकडे पाहिजेत: चार पॅडची जाडी, दोन डिस्कची जाडी आणि त्यावरचा मिन आकडा. ते नसतील तर "हो करा" म्हणू नका.

आता नेमकं ठरलेलं काम, म्हणजे "अमुक गाडी, पुढचे पॅड, पिन साफ करून" असं सांगून दुसऱ्या दोन गॅरेजना फोन करा. "ब्रेकचं काम किती?" असं विचारलंत तर तीन ठिकाणी तीन वेगळ्या कामांचे भाव मिळतील आणि तुलना फुकट जाईल.

## ४. पार्ट आल्यावर: बॉक्सचा फोटो

पॅडचा बॉक्स फोडायच्या आधी फोटो काढा: कंपनी, पार्ट नंबर, एमआरपी. फोडल्यावर आत किती नग आहेत ते बघा.

पुढच्या पॅडचा एक सेट म्हणजे साधारणपणे ४ पॅड, दोन्ही चाकांचे मिळून. माझ्या स्वतःच्या बिलात एकदा "फ्रंट पॅड, नग २" असं लिहून सेटची किंमत दोनदा लावलेली होती, का तर चाकं दोन! बॉक्स मात्र एकच फुटला होता. मी बॉक्सचा फोटो दाखवला तेव्हा ती ओळ दुरुस्त झाली, फोटो नसता तर काही बोलता आलं नसतं. मागच्या लायनरचंपण तसंच, सेटमध्ये चार शू (लायनर लावलेल्या लोखंडी पट्ट्या) दोन्ही बाजूंचे.

"कोल्हापुरातनं मागवला म्हणून जास्त पडला" हे कारण इकडं बऱ्याचदा ऐकू येतं. एमआरपी देशभर बॉक्सवर छापलेली तीच, सीमा ओलांडली म्हणून वाढत नाही. वाहतूक लागली असेल तर ती वेगळी ओळ आणि आधी सांगून.

ओरिजिनलच घ्या असा माझा हट्ट नाही. चांगल्या ब्रेक कंपन्यांचे पॅड बाहेर कमी किमतीत मिळतात आणि नीट चालतात. पण बिलात ओरिजिनलचा भाव आणि बॉक्स दुसऱ्याचा, असं चालणार नाही. आणि नाव-नंबर नसलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतले पॅड फुकट मिळाले तरी घालू नका.

## ५. बिल ओळीनं वाचायचं

(क) एमआरपीवर पुन्हा जीएसटी लावलाय का? सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. समजा पॅडची एमआरपी १,७७० रुपये आहे. यात मूळ किंमत १,५०० आणि १८ टक्क्यांनी २७० रुपये जीएसटी आहे. बिलात दर १,७७० लिहून त्यावर पुन्हा १८ टक्के म्हणजे ३१८.६० लावले की झाले २,०८८.६०. तपासायची रीत सोपी आहे: पार्टची किंमत अधिक त्यावरचा जीएसटी ही बेरीज एमआरपीच्या पुढं जाता कामा नये.

(ख) कराचा दर. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याआधी ब्रेकच्या पार्टवर २८ टक्के होता. जुन्या सॉफ्टवेअरमधून अजून २८ निघत असेल तर तिथंच दाखवून द्या. मजुरीवर १८ टक्के, ते सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा) ९ असं फोडून दिसतं.

(ग) जीएसटी नंबर. कर्नाटकातल्या गॅरेजचा नंबर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ नं, एकूण १५ अक्षरं-आकडे. ज्याच्याकडं नंबर नाही त्याला कर लावता येत नाही. छोट्या गॅरेजवाल्यांकडं नंबर नसणं यात चूक काही नाही, नंबर नसताना कर घेणं चूक आहे. कंपोझिशनवाल्यालाही (एकूण विक्रीवर ठरावीक कमी दरानं कर भरणारा छोटा व्यापारी) गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

(घ) एकाच मेहनतीची दोनदा मजुरी. इथं नीट लक्ष द्या.

- डिस्क बदलायला पॅड काढावेच लागतात. दोन्ही एकदम केलं तर पॅडची पूर्ण मजुरी अधिक डिस्कची पूर्ण मजुरी असं नको.
- लायनर बदलायला ड्रम उघडावाच लागतो, ड्रम साफ करायची वेगळी मोठी रक्कम कशाला?
- चाक काढणं-घालणं हे मजुरीतच धरलेलं असतं.
- मजुरी पर चाक की दोन्ही चाकांची मिळून, हे विचारून घ्या. सरावलेला माणूस पुढचे दोन्ही पॅड साधारण तासाभरात बदलतो. मागच्या ड्रमला त्याहून जास्त वेळ जातो, तिथं मजुरी जास्त असणं बरोबर आहे. मागं डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर स्कॅनर जोडावा लागतो, त्याचेपण पैसे रास्तच.

(च) ऑइल आणि हवा काढणं. नुसते पॅड बदलताना ब्रेकची लाइन उघडत नाहीत, म्हणून हवा काढायची वेगळी मजुरी कशाबद्दल ते विचारा. सिलेंडर, कॅलिपर किंवा पाइप बदलला, किंवा ऑइल बदललं, तर ती लागतेच. ऑइलसाठी लहान गाडीला अर्धा ते एक लिटर पुरतं, बिलात दोन लिटर दिसलं तर बाटल्या मोजा. दुसरीकडं, दोन वर्षं झाली असतील आणि ऑइल बदला म्हणून सुचवलं तर ते ढकलू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं, डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवीन असताना २०५ अंशाला उकळतं, ओलावा धरला की तेच १४० पर्यंत उतरतं. लांब उताराला उकळलं की पेडल सरळ खाली जातं. आमच्या दमट हवेत हा खर्च वायफळ नाही.

(छ) न मागितलेल्या ओळी. कन्झ्युमेबल, क्लीनिंग पॅकेज, अलाइनमेंट. क्लीनर आणि ग्रीसची छोटी रक्कम ठीक आहे. पॅड बदलले म्हणून अलाइनमेंट करावी लागत नाही.

> सावधान: शोरूमची मजुरी गॅरेजपेक्षा जास्त असते, तेवढ्यावरून तिला लूट म्हणू नका. दर आधी सांगितला होता का आणि कामाच्या वेळेशी जुळतो का, ते बघा.

## ६. पैसे द्यायच्या आधी चालवून बघा

इंजिन चालू करून पेडल दोन-चार वेळा दाबा, कडक लागलं पाहिजे. नवे पॅड घातल्यावर पेडल पहिल्यांदा खाली जातं, म्हणून दाबल्याशिवाय गाडी हलवूच नका. रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक लावा, गाडी सरळ थांबते का बघा. तीन-चार किलोमीटर फिरून चाकांजवळ हात न लावता जवळ धरा, डावं-उजवं सारखंच गरम पाहिजे. एक फार तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय, तसंच परत आत न्या. जुने पार्ट ताब्यात घ्या आणि तिसऱ्या पायरीतल्या फोटोशी जुळवा.

## ७. बिल जुळलं नाही तर

आवाज चढवून उपयोग नसतो, गॅरेजवाल्याशी पुन्हा गाठ पडणारच असते. एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "मामा, एवढी ओळ समजावून सांगा की." बहुतेक चुका इथंच मिटतात, आणि कितीतरी वेळा ती बिल करणाऱ्या मुलाची चूक असते, मेकॅनिकला पत्ताच नसतो.

पटलं नाही आणि गाडी तर पाहिजेय, अशा वेळी बिलावर "अमुक ओळ मान्य नाही" असं लिहून, शक्यतो ऑनलाइन पैसे द्या, म्हणजे पुरावा राहतो. "बिल नको असेल तर कमी करतो" याला भुलू नका. बिल गेलं की पार्टची वॉरंटीपण गेली. मागूनही बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं अनुचित व्यापारी व्यवहार आहे.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत आणि कन्नडात दोन्हींत बोलता येतं. तिथंही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. सीमाभागातल्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या माणसानं बेळगावात काम केलं तर कोल्हापूरला, आणि निपाणीच्या माणसानं कोल्हापुरात केलं तर बेळगावला तक्रार चालते. मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जॉब कार्ड, फोटो, बिल आणि दुसऱ्या गॅरेजचं लेखी मत एवढं जोडा.

बिल, बॉक्सचं पार्ट नंबर असलेलं पुठ्ठ्याचं पान आणि पॅडचे मोजलेले आकडे एकाच पाकिटात घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट आणि ऑइलची पातळी एकदा बघून घ्या, गॅरेजवाले सहसा याचे पैसे घेत नाहीत.